अपार्टमेंटचा मेंटेनन्स टक्केवारीवर, थ्री बीएचकेवाल्यांनी जास्त का भरायचं?

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी, कायद्यातलं कळणाऱ्यांनी जरा सांगा. आमचं अपार्टमेंट पुण्यात, तीन बिल्डिंगा, खाली रस्त्याच्या अंगाला दुकानं. पहिल्यापासून सगळ्यांना सारखाच मेंटेनन्स, महिन्याला चार हजार, मग वन बीएचके असो नाहीतर थ्री. आता कमिटीने लिफ्टजवळ नोटीस चिकटवलीये की एप्रिलपासून ज्याच्या त्याच्या मालकी हिश्श्याच्या टक्केवारीप्रमाणे आकारणी होणार, हायकोर्टाचा निकाल आलाय म्हणे. माझा थ्री बीएचके आहे, घरात आम्ही दोघंच, मुलगी बंगलोरला. समोरच्या वन बीएचकेत सहा जण राहतात, लिफ्ट दिवसभर त्यांचीच, पाणी त्यांचं जास्त, कचरा त्यांचा जास्त, आणि भरायचं मात्र मी दुप्पट. वॉचमन काय माझ्या हॉलचे स्क्वेअर फूट मोजून सलाम ठोकतो का? मागच्या मीटिंगमध्ये हात वर करून सारखाच ठेवायचा असं ठरलं होतं, तरी कमिटी म्हणते तो ठराव चालत नाही. असं करता येतं का त्यांना? आणि मला याला हरकत कुठे घेता येईल?

कोथरूडचा काका:
काही करता येत नाही त्यांना. आमच्या सोसायटीत तीस वर्षं सगळे सारखंच भरतायत. वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे, ऑफिसचा खर्च, हे सगळं भागिले फ्लॅट. फक्त पाणी नळांच्या संख्येवर आणि दुरुस्ती फंड बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर. व्हीनस सोसायटीची जुनी केस आहे मुंबई हायकोर्टाची, त्यात स्पष्ट आहे की सेवा शुल्क फ्लॅटच्या आकारावर लावायचं नाही. ती केस दाखवा कमिटीला, गप्प बसतील.

कागदपत्रं आधी:
काका, तुमचं म्हणणं तुमच्या घराला लागू आहे, यांच्या घराला नाही. तुमची नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था, १९६० च्या सहकार कायद्याखाली, आता २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात हाउसिंगसाठी वेगळं प्रकरणच आहे. तिथे जमीन-इमारत संस्थेच्या नावावर आणि तुम्ही सभासद. सिंहगडरोडकरांनी "अपार्टमेंट" लिहिलंय, आणि पुण्यात बहुतेक वेळा त्याचा अर्थ महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अॅक्ट १९७० खालचं कंडोमिनियम, म्हणजे जिथे प्रत्येक फ्लॅट वेगळ्या मालकीचा असतो. बोर्डावर सोसायटी लिहिलं आणि अध्यक्षाला चेअरमन म्हटलं म्हणून ती संस्था सहकारी होत नाही.

आता दादा तुमच्या प्रश्नाकडे. या कायद्यात फ्लॅट तुमचा स्वतःचा, वेगळा दस्त असतो त्याचा, डीड ऑफ अपार्टमेंट. आणि त्या फ्लॅटला चिकटूनच जमीन, जिना, लिफ्ट, गच्ची, पाण्याच्या टाक्या या सगळ्यात तुमचा अविभाज्य हिस्सा असतो, तो टक्क्यात लिहिलेला असतो. फ्लॅट विकला की हिस्सा आपोआप सोबत जातो, वेगळा विकता येत नाही. कलम १० म्हणतं की सामाईक नफा या टक्केवारीने वाटायचा आणि सामाईक खर्चही याच टक्केवारीने. बस एवढंच आहे ते. कायद्यात "सारखं वाटा" असा पर्यायच दिलेला नाही, मग मीटिंगने हात वर करून काय ठरवलं याला अर्थ उरत नाही, जनरल बॉडीला कायद्याच्या वर जाता येत नाही.

निकाल ऑगस्ट २०२५ मध्ये गाजला तो. पुण्यातलंच ट्रेझर पार्क, अकरा इमारती, साडेतीनशेच्यावर फ्लॅट. तिथेही सारखी आकारणी चालू होती, लहान फ्लॅटवाल्यांनी सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार केली, निर्णय त्यांच्या बाजूने लागला, सहकार न्यायालयात तोच टिकला आणि मग मोठे फ्लॅटवाले हायकोर्टात गेले. न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी त्यांचं म्हणणं फेटाळलं. युक्तिवाद जवळपास तुमचाच होता, की सुविधा सगळे सारख्याच वापरतात. कोर्टाने सांगितलं की कायद्यात आणि तुमच्या डिक्लेरेशनमध्ये (म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा लिहिलेल्या नोंदणीकृत दस्तात) अविभाज्य हिश्श्याप्रमाणे असं लिहिलंय, तर तसंच.

आणि माणसं किती राहतात, लिफ्ट कोण वापरतं हा मुद्दा तर मुळीच चालणार नाही. मी अमुक सुविधा वापरत नाही म्हणून खर्च देणार नाही असं म्हणायचीही सोय या कायद्याने ठेवलेली नाही, तसं वेगळं कलमच आहे. तुमच्या घरात उद्या सून-नातवंडं आली तर टक्का वाढतो का? नाही ना. मग कमी माणसं म्हणून कमीही होत नाही.

तेव्हा हरकत घेण्याआधी एक काम करा, तुमचं डिक्लेरेशन काढा. बिल्डरने सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं असतं. नोंदवलेलं नसेलच तर हा कायदाच लागू होत नाही आणि मग गोष्ट पूर्ण वेगळी.

वन बीएचकेवाली:
मी "समोरच्या वन बीएचके"मधलीच समजा 😀 तुमच्या नाही, पण दुसऱ्या एका अपार्टमेंटमधली. दादा राग मानू नका पण आमच्याकडून इतकी वर्षं जे गेलं ते कोणी मोजलं नाही. बाहेरून पेंटिंग काढलं, खर्च भागिले फ्लॅट. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, भागिले फ्लॅट. तुमच्या थ्री बीएचकेला तीन बाजूंनी भिंती, आमच्या घराला रस्त्याकडे एकच खिडकी आणि एक ड्राय बाल्कनी, तरी पेंटचे पैसे सारखे. आणि रीडेव्हलपमेंटची नुसती कुजबुज सुरू झाली की मात्र सगळ्यांना अचानक टक्केवारी पाठ असते, तेव्हा कोणी म्हणत नाही की वाढीव एरिया सगळ्यांना सारखा द्या. घेताना टक्क्याने आणि देताना डोक्यामागे, असं कसं चालेल?

आमच्याकडे आम्ही लहान फ्लॅटवाल्यांनी अर्ज दिला तेव्हा कमिटीने उत्तरच दिलं नाही, मग उपनिबंधक कार्यालयात गेलो. तिथला अनुभव लिहायचा तर वेगळा धागा काढावा लागेल, पण निदान जागा तरी आहे जायला. पूर्वी अपार्टमेंटवाल्यांना म्हणायचे हे आमच्याकडे येत नाही, दिवाणी कोर्टात जा. आता तक्रार घ्यावी लागते.

कोथरूडचा काका:
असं आहे होय. पण मग एकाच रस्त्यावर दोन बिल्डिंगा, सारखाच वॉचमन सारखीच लिफ्ट, एकीत भागिले फ्लॅट आणि दुसरीत टक्केवारी, हा काय न्याय झाला? घर घेताना कोणाला विचारलं होतं का तुम्हाला सोसायटी पाहिजे का कंडोमिनियम? बिल्डरने ठरवलं आणि आपण सही केली.

कागदपत्रं आधी:
काका हे मात्र अगदी बरोबर बोललात. प्रॅक्टिकली बिल्डरच ठरवतो. अॅग्रीमेंटमध्ये कुठेतरी विसाव्या पानावर एक ओळ असते की प्रमोटर डिक्लेरेशन करेल. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रणाचा कायदा, आल्यावर निदान प्रकल्पाच्या पानावर कागद दिसतात, पण बुकिंग करताना लोक कार्पेट आणि पार्किंगच्या पुढे वाचत नाहीत. आणि नंतर अपार्टमेंटची सोसायटी करायची तर मूळ कायद्यात सगळ्या मालकांनी मिळून मालमत्ता कायद्यातून बाहेर काढायचा दस्त करावा लागतो, ज्यांचा बोजा आहे त्या बँकांची संमती वेगळी. साठ फ्लॅटमध्ये साठ सह्या आणि पाच-सहा बँका, करून बघा.

खजिनदार नाइलाजाने:
मी आमच्याकडचा खजिनदार आहे, कोणीच तयार नव्हतं म्हणून झालो. आम्ही निकालानंतर बदल केला, हिशेब कसा बसतो ते सांगतो म्हणजे चित्र स्पष्ट होईल. आकडे मुद्दाम सोपे घेतोय. समजा शंभर फ्लॅट, वर्षाचा खर्च साठ लाख, म्हणजे महिन्याला पाच लाख. सारखं वाटलं तर प्रत्येकी पाच हजार. आता पन्नास फ्लॅट ६०० फुटांचे आणि पन्नास १४०० चे असतील तर एकूण एक लाख फूट, फुटाला पाच रुपये. लहानाला तीन हजार, मोठ्याला सात हजार. टक्क्यात ०.६ आणि १.४. म्हणजे मोठ्याला दोन हजार वाढले आणि लहानाचे दोन हजार कमी झाले, असोसिएशनकडे एक रुपयाही जास्त आला नाही. हे वाक्य मी मीटिंगमध्ये इतक्या वेळा बोललो की घसा बसला, तरी एक काका शेवटपर्यंत म्हणत होते कमिटी पैसे वाढवतेय.

फक्त एक, मी इथे फूट घेतलेत समजायला सोपं म्हणून. कायद्यातली टक्केवारी मुळात किमतीवर आहे, फ्लॅटची किंमत भागिले सगळ्या मालमत्तेची किंमत. बहुतेक बिल्डर एरियावरूनच काढून टाकतात. पण सगळेच नाही, आमच्याकडे दुकानांना फुटाच्या मानाने जास्त टक्का आहे कारण किंमत जास्त धरली होती. त्यामुळे टेप घेऊन मोजत बसू नका, डिक्लेरेशनमध्ये तुमच्या फ्लॅटपुढे जो आकडा आहे तोच घ्यायचा. आणि सगळ्या आकड्यांची बेरीज करून बघा. शंभर यायला हवी. हसू नका, आमची ९८ च्या आसपास येत होती, टायपिंगमध्ये एक युनिटच राहून गेलं होतं.

दुसरा चटका जीएसटीचा, तो कोणी सांगत नाही. असोसिएशनची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर असेल आणि सभासदाची महिन्याची वर्गणी साडेसात हजारांच्या वर गेली की १८ टक्के जीएसटी लागतो. सारखी आकारणी असताना सगळे खाली होते. आता मोठे चार-पाच फ्लॅट वर गेले. त्यातही भांडण आहे, केंद्राच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे साडेसात हजार ओलांडले की पूर्ण रकमेवर कर, आणि मद्रास हायकोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की फक्त वरच्या रकमेवर. आमचे सीए म्हणाले परिपत्रकाप्रमाणे भरा, नंतर नोटीस नको. सिंहगडरोडकर, तुमचे चार हजार आहेत म्हणजे तुम्ही बहुतेक खालीच राहाल, पण आकडा काढून बघा.

टॅम्पाकर:
मूळचा सांगलीचा, सध्या फ्लोरिडात, इथे कंडोत (कंडोमिनियममध्ये) राहतो म्हणून लिहितो. इकडे हा वादच होत नाही, डिक्लेरेशनमध्ये हिस्सा लिहिलेला असतो त्याप्रमाणे बिल येतं, लोक भांडतात ते रिझर्व्ह फंडावरून. २४ जून २०२१ ला मायामीजवळ सर्फसाइडला चँपलेन टॉवर्स साउथ ही बारा मजली बिल्डिंग मध्यरात्री कोसळली, ९८ माणसं गेली. दुरुस्तीचा मोठा खर्च आधीच समोर होता, वर्गणी कशी आणि किती काढायची यावर मालकांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालू होते. त्यानंतर २०२२ ला राज्याने कायदा बदलला. तीन मजले किंवा जास्त असलेल्या कंडोला तीस वर्षं झाली की इंजिनिअरकडून तपासणी सक्तीची, आणि छप्पर, खांब-तुळया, वॉटरप्रूफिंग, आग प्रतिबंधक यंत्रणा वगैरेसाठी किती पैसे लागणार याचा अभ्यास करून तेवढा फंड साठवायचाच. आधी मतदान करून फंड माफ करता यायचा, लोक दरवर्षी आनंदाने माफ करायचे 🙂 आता त्या गोष्टींसाठी माफ करता येत नाही. झालं काय की जुन्या बिल्डिंगांमध्ये महिन्याची वर्गणी एकदम उडाली, पेन्शनवर राहणाऱ्यांना घरं विकायची वेळ आली. ओरड झाली म्हणून २०२५ ला त्यात थोडी ढील दिली, मुदत वाढवली, कर्ज काढून फंड उभा करायची सोय ठेवली.

हे सांगायचं कारण, इथला धागा वाचतोय तर सगळे वॉचमन आणि लिफ्टवर अडकलेत. महिन्याचे दोन हजार इकडे का तिकडे हे किरकोळ आहे हो. वीस वर्षांनी स्लॅब उघडी पडेल तेव्हा कोणाचा किती वाटा आणि पैसे आहेत कुठे हे बघा. तुमच्या बायलॉजमध्ये, म्हणजे कारभाराच्या नियमांत, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचे पैसे) आहे का?

खजिनदार नाइलाजाने:
@टॅम्पाकर नेमकं दुखणं आहे हे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत बांधकाम खर्चाच्या पाव टक्का सिंकिंग फंड आणि पाऊण टक्का दुरुस्ती फंड असं ठरवून दिलंय, पंधरा वर्षांच्या पुढे स्ट्रक्चरल ऑडिटचंही आहे. सोसायट्यांसाठी नवीन नियमांचा मसुदा पण २०२५ मध्ये आला, त्यात थकबाकीवरचं व्याज २१ वरून १२ टक्क्यांवर आणायचं होतं. अपार्टमेंटवाल्यांना त्यातलं काही आपोआप लागू होत नाही. आम्ही आपले स्वतःच्या बायलॉजवर. जो बिल्डरने जुन्या छापील नमुन्यावरून उचलून डिक्लेरेशनला जोडला आणि ज्यावर कोणी नजर टाकली नाही तो. सरकारने सोसायट्यांकडे लक्ष दिलं तेवढं आमच्याकडे नाही, वर्षानुवर्षं. मधे रीडेव्हलपमेंटला शंभर टक्के संमतीची अट काढून बहुमतावर आणली तेवढं मात्र चांगलं झालं, नाहीतर एक माणूस अडून बसला की बिल्डिंग गळत राहायची.

सिंहगडरोडकर:
सगळ्यांचे आभार. वन बीएचकेवाली ताई, पेंटिंगचा मुद्दा लागला मला, घरी पण वाचून दाखवला, बायको म्हणाली बरोबरच बोलतायत त्या. तरी वॉचमनचं मला अजून पटलेलं नाही, कायदा आहे म्हणून भरेन.

डिक्लेरेशन मिळवलं. कमिटीकडे नव्हतंच! सेक्रेटरी म्हणाले बिल्डरकडे असेल. शेवटी नोंदणी विभागाच्या साइटवर शोधून दस्त क्रमांक काढला आणि सब-रजिस्ट्रारकडून नक्कल घेतली. आता त्यातून नवीनच गोष्टी निघाल्यात. पहिलं, त्यात फक्त दोन बिल्डिंगा आहेत. तिसरी नंतर झाली, तिच्यासाठी वेगळा दुरुस्ती दस्त, म्हणजे डिक्लेरेशनमध्ये बदल करणारा दस्त, दिसतोय पण त्यावर सही फक्त बिल्डरची. माझा टक्का पहिल्या दस्तात २.१ आहे आणि दुसऱ्यात १.४. दुसरं, दुकानांना एकूण जवळपास अकरा टक्के आहेत आणि त्यांच्याकडून आजपर्यंत एक पैसा घेतलेला नाही, कारण काय तर ते लिफ्ट वापरत नाहीत. तिसरं, चार फ्लॅट अजून बिल्डरच्या नावावर आहेत, त्यांचाही मेंटेनन्स येत नाही. मग कमिटीने जी एप्रिलची आकारणी काढलीये ती कशावर काढली? विचारलं तर म्हणाले कार्पेट एरियावर, लाइट बिलाच्या एक्सेल शीटमध्ये होता म्हणून.

कागदपत्रं आधी:
आता आली गंमत. तुम्ही हरकत घ्यायला निघाला होतात टक्केवारीवर, ती घेऊ नका, पण कमिटीचा हिशेब कायद्याच्या टक्केवारीवर नाही यावर घ्या, ती टिकेल.

एक एक बघू. हिश्श्याची टक्केवारी कायम स्वरूपाची असते, बदलायची तर सगळ्या अपार्टमेंट मालकांची संमती पाहिजे आणि ती दुरुस्त डिक्लेरेशनमध्ये आली पाहिजे. तुम्ही २.१ टक्के असलेला दस्त घेतला आणि नंतर तो १.४ झाला, तर त्यावर तुमची संमती कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा अॅग्रीमेंटमध्येच बिल्डरने पुढच्या फेजसाठी आगाऊ संमती लिहून घेतलेली असते, आणि ती पुरेशी आहे का हा वकिलाला कागद दाखवून विचारायचा प्रश्न, इथे फोरमवर उत्तर देणार नाही. तुमच्या डीड ऑफ अपार्टमेंटमध्ये कुठला आकडा आहे ते पण बघा.

दुकानांचं सोपं आहे. वापरत नाही म्हणून सूट नाही हे वर लिहिलंच. दुकानाला ज्या गोष्टी खास राखून दिल्यात किंवा फक्त बिल्डिंगच्या रहिवाशांना राखून दिल्यात, त्या मर्यादित सामाईक म्हणून डिक्लेरेशनमध्ये वेगळ्या लिहिल्यात का ते वाचा. लिहिल्या नसतील तर अकरा टक्के म्हणजे अकरा टक्के. बिल्डरच्या चार फ्लॅटचंही तेच, विकले गेले नाहीत तोवर मालक तोच, वर्गणी त्यानेच भरायची. थकली तर तो फ्लॅटवरचा बोजा आहे, सरकारी-महापालिकेचे कर आणि पहिलं गहाण एवढं सोडलं तर बाकी सगळ्यांच्या आधी. उद्या ते फ्लॅट कोणी विकत घेणार असेल तर त्यालाही मागची थकबाकी डोक्यावर घ्यावी लागू शकते, हे बिल्डरला पत्रात लिहून द्या, पत्राचं उत्तर लवकर येतं.

वन बीएचकेवाली:
म्हणजे दुकानं आणि बिल्डर भरायला लागले तर दादांचा वाढीव आकडा बराच खाली येईल की! आणि आम्ही इथे वन बीएचके थ्री बीएचके भांडत बसलो होतो.

सिंहगडरोडकर:
तेच तर. खजिनदार साहेबांच्या पद्धतीने मांडून बघितलं, दुकानं आणि चार फ्लॅट धरले तर मला चार हजारांवर साधारण सहाशे-सातशेच वाढतायत. कमिटीच्या शीटप्रमाणे अडीच हजार वाढत होते. एक राहिलं, मतदानाचं. नवीन आकारणी परत मीटिंगला ठेवायची तर हात वर करूनच का?

कागदपत्रं आधी:
नाही, तुमचे बायलॉज उघडा. कायद्यात बहुमत म्हणजे टक्केवारीप्रमाणे मोजलेल्या मतांत ५१ किंवा जास्त. डोकी मोजायची नाहीत, हिस्से मोजायचे. मोठा फ्लॅट जास्त भरतो तसं त्याचं मतही जास्त वजनाचं. बहुतेक अपार्टमेंटमध्ये कोणी असं मोजतच नाही, त्यामुळे मागचे कितीतरी ठराव बारकाईने बघितले तर लटके निघतील. पण एवढं लक्षात ठेवा, ५१ टक्क्यांनी सुद्धा "सारखं वाटू या" असा ठराव केला तरी तो कलम १० समोर चालणार नाही. मीटिंग ठेवायची ती थकबाकी वसुली, फंड आणि दुरुस्ती दस्त यासाठी.

कोथरूडचा काका:
आणि दुकानदारांकडे अकरा टक्के मतं आहेत हे पण विसरू नका, ते या वेळी मीटिंगला येतील बरं का, आजपर्यंत कधी आले नसतील तरी.

सिंहगडरोडकर:
हो काका, त्यातले दोघं कालच विचारून गेले, कोरम किती लागतो म्हणून 😀 कमिटीला पत्र दिलंय, सोबत दोन्ही दस्तांच्या नकला. सेक्रेटरींनी पोच दिली आणि म्हणाले एप्रिलची आकारणी सध्या थांबवतो, आधी वकिलांना दाखवू. वकिलांची फी मात्र भागिले फ्लॅट घ्यायची म्हणतायत.